चर्चेची नीती

चार माणसे एकत्र आली की बोलणे निघते आणि बोलणे निघाले की मतभेद होतात. त्यात वावगे काही नाही. मतभेदच नसतील तर चर्चेची गरज उरणार नाही. गावची ग्रामसभा असो, पाण्याच्या पाळ्या ठरविण्याची बैठक असो, भावकीतील वाटणीचा प्रश्न असो, धर्मग्रामातील समितीची सभा असो किंवा अलीकडे प्रत्येकाच्या खिशात येऊन बसलेला मोबाईलवरील गट असो, आपण सारे कोठे ना कोठे चर्चेत भाग घेत असतो. तो कसा घ्यावा, हे मात्र आपल्याला कोणी शिकवीत नाही. शाळाशाळांतून वक्तृत्वाच्या स्पर्धा होतात, वादविवादाच्या स्पर्धा होतात. ऐकण्याची स्पर्धा झाल्याचे आम्ही कोठे पाहिले नाही.

चर्चेत कसे वागावे, हा प्रश्न साधारणपणे शिष्टाचाराचा समजला जातो. आवाज चढवू नये, मध्येच तोडू नये, वडीलधाऱ्यांचा मान राखावा, एवढे केले की आपण शिष्ट ठरलो. परंतु शिष्टाचार आणि नीती या दोन गोष्टी एक नव्हेत. शिष्टाचारात चूक झाली तर माणूस असभ्य ठरतो. नीतीत चूक झाली तर कोणावर तरी अन्याय होतो. आमचे म्हणणे असे की, चर्चेतील वागणूक हा मुळात न्यायाचा प्रश्न आहे. ज्याच्याशी आपण वाद घालतो, त्याचे आपण काही देणे लागतो. ते देणे कोणते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आमच्या परभणी जिल्ह्यातीलच एक उदाहरण घेऊ. पाथरी हे शिर्डीच्या साईबाबांचे जन्मस्थान आहे, अशी तेथील अनेकांची श्रद्धा आहे. जानेवारी २०२० मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरीचा उल्लेख साईबाबांचे जन्मस्थान म्हणून केला आणि तेथील विकासासाठी १०० कोटी रुपये देण्याचे जाहीर केले. शिर्डीकरांनी हरकत घेतली. पाथरीच्या विकासाला आपला विरोध नाही, ‘जन्मस्थान’ या शब्दाला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९ जानेवारी रोजी शिर्डीत बंद पाळण्यात आला. मुख्यमंत्र्यांनी चर्चेची तयारी दाखविल्यावर तो मागे घेतला गेला.

जन्मस्थान कोणते, याचा निवाडा आम्ही करणार नाही. तो इतिहासाच्या अभ्यासकांचा प्रांत आहे. आणि शेजाऱ्याच्या श्रद्धेच्या उंबऱ्यापाशी वहाणा काढून उभे राहावे, एवढे तरी आपल्याला कळावयास हवे. आम्हांला लक्ष वेधावयाचे आहे ते अशा वादाच्या घडणीकडे. शिर्डीची हरकत एका शब्दाला होती. परंतु वर्षानुवर्षे मागासलेपणाचा शिक्का सोसणाऱ्या मराठवाड्यातील माणसाच्या कानाला ‘आमच्या पदरात पडणारे चार पैसे यांना सलतात’ असे ऐकू येणे किती सोपे! उलट पाथरीचा आग्रह पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या एका स्मृतीचा होता. परंतु शिर्डीच्या कानाला ‘आमचे बाबा आमच्यापासून हिरावून नेत आहेत’ असे ऐकू येणेही तितकेच सोपे. बोललेले वाक्य एक आणि ऐकलेले वाक्य दुसरे! या दोहोंमधील अंतरातच बहुतेक भांडणांचे पीक येते. आणि ज्यांच्या नावाने हा वाद झाला, त्या साईबाबांनी १९१८ साली देह ठेवीपर्यंत आपल्या जन्मगावाविषयी, जातीविषयी वा आईबापांविषयी फारसे काही उघड केले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आपल्या देशातील प्राचीन न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते कळावे म्हणून दोघे मिळून करतात तो वाद. समोरच्याला हरवावयाचे एवढ्याच हेतूने, शब्दच्छल करून केला जातो तो जल्प. आणि स्वतःचे असे काहीच न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढीत बसणे ही वितंडा. आज ‘वाद’ या शब्दाला आपण भांडणाचा अर्थ दिला आहे, पण मूळ अर्थाने वाद ही चांगली गोष्ट आहे. गंमत अशी की, जल्प करणाऱ्यालाही आपण वादच करीत आहोत असे वाटत असते. मग ओळखावयाचे कसे? आमच्या मते एक सोपी कसोटी आहे. समोरच्याच्या बोलण्यात एखादा खरा मुद्दा सापडला, तर आपल्याला आनंद होतो की चडफड होते? आनंद होत असेल तर आपण वादात आहोत. चडफड होत असेल तर आपण केव्हाच जल्पात उतरलो आहोत.

तेव्हा पहिले देणे हे की, समोरच्याचे म्हणणे त्याच्याच अर्थाने घ्यावे. संत थॉमस अक्वायनस यांची लिहिण्याची रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तेराव्या शतकातील त्यांच्या महाग्रंथात प्रत्येक प्रश्नाच्या आरंभी त्यांच्या मताविरुद्धचे आक्षेप येतात, तेही दुबळे करून नव्हे, तर भक्कम रीतीने मांडलेले. त्यानंतर त्यांचे स्वतःचे उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाचा परामर्श. विरोधकाला आधी बोलू द्यावयाचे आणि त्याच्या एकाही मुद्द्याला वाऱ्यावर सोडावयाचे नाही, अशी ही शिस्त. बुजगावणे उभारून ते पाडणाऱ्यास पराक्रमी म्हणत नाहीत, हे शेतकऱ्याच्या पोरालाही ठाऊक असते. चर्चेत मात्र आपण विरोधकाच्या मताचे बुजगावणे करून ते पाडतो आणि टाळ्यांची वाट पाहतो.

संत इग्नेशिअस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकाच्या आरंभीच एक नियम घालून दिला आहे. त्याचा आशय असा : शेजाऱ्याच्या विधानाचा निषेध करण्यापेक्षा त्यातील चांगला अर्थ शोधण्याकडे आपला कल असावा. तसा अर्थ सापडत नसेल तर त्यालाच विचारावे की, बाबा रे, तुला यातून काय म्हणावयाचे आहे? त्याचा समज चुकीचा असेल तर तो प्रेमाने दुरुस्त करावा. या क्रमात विचारणे आधी आहे आणि दुरुस्त करणे नंतर, हे लक्षात घ्यावे. आपला क्रम नेमका उलटा असतो. आपण आधी दुरुस्त करतो, मग दटावतो, आणि विचारावयाचे ते विसरूनच जातो. अम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभूने त्या दोन खिन्न शिष्यांना आधी काय विचारले? तुम्ही कशाविषयी बोलत आहात, असे. ज्याला सारे ठाऊक होते, त्याने प्रथम प्रश्न केला आणि त्यांची कहाणी शेवटपर्यंत ऐकून घेतली. उपदेश त्यानंतर आला.

येथे काही वाचक हरकत घेतील. ते म्हणतील, इतके सांभाळून बोलावयाचे म्हटले तर सत्य सांगावयाचे केव्हा? चुकीला चूक म्हणू नये काय? हरकत रास्त आहे आणि तिला उत्तर द्यावयास हवे. सौम्यपणा म्हणजे गुळमुळीतपणा नव्हे. भारताची संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी सुरू झाली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी तिने संविधान स्वीकारले. जेरोम डिसूझा हे येशूसंघीय धर्मगुरूही त्या सभेचे सभासद होते. संविधानाच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या चर्चेला उत्तरे देत असत, आणि ते काही मवाळ बोलणारे नव्हते. न पटलेल्या दुरुस्त्या त्यांनी रोखठोक शब्दांत नाकारल्या. तरीही २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी आपल्याला सतत अडविणाऱ्या सभासदांचे नावे घेऊन आभार मानले. ह. वि. कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शाह, हृदयनाथ कुंझरू ही त्यांपैकी काही नावे. सारेच होयबा असते तर सभेचे कामकाज निरस झाले असते, यांच्यामुळेच संविधानामागील तत्त्वे विशद करून सांगण्याची संधी मिळाली, असा त्यांच्या म्हणण्याचा भाव होता. विरोधकाच्या मताला ठाम नकार आणि विरोधकाविषयी कृतज्ञता ही दोन्ही एकाच मुखातून निघू शकतात, याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

हे लिहिताना परभणी शहराची आठवण टाळता येत नाही. येथे रेल्वे स्थानकाजवळ डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोर संविधानाची प्रतिकृती आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी तिची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, अनेकांना अटक झाली आणि अटकेतील एका तरुणाचा काही दिवसांतच न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. शहराने ते दिवस श्वास रोखून काढले. ज्यांच्या पूर्वजांना शतकानुशतके चावडीवर पाय ठेवता आला नाही, त्यांच्या दृष्टीने संविधान म्हणजे बोलण्याचा हक्क. त्याचा अवमान म्हणजे त्या हक्काचा अवमान. अशा वेळी दुखावलेल्या माणसाला दुरून ‘आवाज खाली ठेवा, सभ्यपणे बोला’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्याच्या पायावर पाय पडला आहे, त्याचा आवाज चढणारच. त्याला शिष्टाचार शिकविण्याआधी पाय उचलावयास हवा. हिंसेचे समर्थन आम्ही करीत नाही, करणारही नाही. परंतु शिष्टाचाराचा उपयोग दुर्बळाचे तोंड बंद करण्यासाठी होऊ लागला, तर तो शिष्टाचार राहत नाही, तो जुलमाचा रेशमी रुमाल होतो. म्हणून आम्ही असे मानतो की, चर्चेतील संयमाचे ओझे प्रथम बलवानाने उचलावे. ज्याच्या हाती सत्ता, पैसा, शिक्षण वा संख्या आहे, त्याने आपला आवाज आधी उतरवावा. आम्हां धर्मगुरूंनाही हे लागू आहे, कारण सभेत आमचा शब्द शेवटचा मानण्याची लोकांना सवय असते.

दुसरे देणे आहे ते जे बोलत नाहीत त्यांचे, आणि जे तेथे नाहीत त्यांचे. आपल्या ग्रामसभेचेच पाहा. १९९३ साली अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले. महाराष्ट्राच्या कायद्याने तिला गणपूर्ती ठरवून दिली : मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तिच्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असेही कायदा सांगतो. कायद्याने आपले काम केले आहे. आता कॅलेंडर पाहा. २६ जानेवारीला गावोगावी ग्रामसभा भरते. त्या दिवशी गंगाखेडच्या बाजूच्या किंवा जिंतूरच्या डोंगरी भागातील ऊसतोड कामगार कोठे असतो? मुकादमाकडून उचल घेऊन तो दिवाळीच्या सुमारासच बिऱ्हाडासह टोळीबरोबर निघून गेलेला असतो आणि पश्चिम महाराष्ट्रातील वा कर्नाटकातील एखाद्या फडात कोयता चालवीत असतो. त्याच्या वस्तीचा रस्ता, त्याच्या मुलांची शाळा, त्याच्या घरकुलाचे नाव यांवर गावात चर्चा होते आणि ‘कोणाची हरकत नाही’ असे इतिवृत्तात लिहिले जाते. हरकत घेणारा चारशे किलोमीटर दूर आहे, हे इतिवृत्तात येत नाही.

जी उपस्थित असून गप्प आहेत, त्यांचे काय? महिलांची सभा होते, सह्या होतात, परंतु डोक्यावरचा पदर सावरीत मागे बसलेल्या बाईला ‘मावशी, तुमचे काय म्हणणे आहे?’ असे कोणी विचारतो काय? गप्प राहणे ही संमतीच असते, असे नाही. ते कधी भय असते, कधी थकवा असतो, कधी ‘बोलून काय होणार’ ही निराशा असते. ज्या मातीत जनाबाईचा जन्म झाला, त्या गंगाखेडच्या परिसराने तरी हे विसरू नये. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी ती दासी. परंतु संतांच्या मेळ्यात तिच्या शब्दाला जागा मिळाली आणि सात शतकांनंतरही तो ऐकला जातो. ‘तू दासी, तुला काय कळते?’ असे त्या मेळ्याने म्हटले असते, तर मराठी भाषा किती दरिद्री राहिली असती!

गैरहजर माणसाच्या बाजूने बोलण्याचा धडा योहानाच्या शुभवर्तमानात निकदेमाने घालून दिला आहे. परूशी आणि मुख्य याजक येशूला दोषी ठरवू पाहत असता, माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून आपले नियमशास्त्र त्याचा न्याय करते काय, असा एकच प्रश्न त्याने विचारला. त्याबद्दल त्याला टोमणे ऐकून घ्यावे लागले. पण त्या सभेत न्यायाची बूज राखणारा आवाज तोच होता.

ही दोन्ही देणी मोबाईलवरील गटांत अधिक कठीण होतात. गावाचा गट, भावकीचा गट, धर्मग्रामाचा गट, शाळेच्या जुन्या मित्रांचा गट. एकेका माणसाच्या हातात दहा-दहा चावड्या आल्या आहेत. चावडीवर समोरच्याचा चेहरा दिसत असे, डोळ्यांत पाणी आले तर बोलणारा थबकत असे. येथे चेहरा दिसत नाही. रात्री अकरा वाजता रागाच्या भरात लिहिलेली ओळ सकाळी दोनशे माणसे वाचतात, आणि ती पुसून टाकली तरी कोणीतरी तिचे चित्र काढून ठेवलेले असते. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही म्हण पूर्वी जिभेला लागू होती. आता ती अंगठ्याला लागू झाली आहे. तेव्हा काही साधे नियम घरातील मुलांसमोर आणि स्वतःसमोरही ठेवावेत. जे त्या माणसाच्या तोंडावर बोलण्याचे धैर्य नाही, ते गटात लिहू नये. ज्याची खात्री केली नाही, ते पुढे पाठवू नये. ‘मला आले तसे पाठविले’ ही सबब खोट्या साक्षीतून सुटका करीत नाही. एकाने विश्वासाने लिहिलेले दुसऱ्या गटात नेऊ नये. ज्या कामासाठी गट केला, त्या कामापुरते बोलावे. दुःखाच्या वार्तेखाली वाढदिवसाचे फुगे टांगू नयेत. आणि एखाद्याची चूक दाखवावयाची असेल, तर प्रभूने घालून दिलेला क्रम पाळावा : आधी त्याला एकट्याला गाठून सांगावे, ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर न्यावे आणि अगदी शेवटी मंडळीसमोर मांडावे. आपण पहिल्या पायरीलाच मंडळी गोळा करतो.

आपले चुकले असे दुसऱ्याने दाखवून दिले, तर काय करावे? याचे उत्तर आमच्या मुलखातील एका जुन्या कथेत आहे. नामदेवांची नर्सी आणि विसोबा खेचरांचे औंढा नागनाथ ही दोन्ही स्थाने आज हिंगोली जिल्ह्यात असली, तरी १९९९ साली तो जिल्हा वेगळा होईपर्यंत ती परभणी जिल्ह्यातच होती. परंपरा सांगते की, संतांच्या मेळ्यात मुक्ताईच्या सांगण्यावरून गोरोबा कुंभारांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि तेवढ्या नामदेवांचे मडके कच्चे ठरविले. नामदेव रुसले, दुखावले. पण ते तेथेच अडकले नाहीत. गुरू शोधीत औंढ्यास विसोबांकडे गेले. मेळ्यानेही त्यांना बाहेर काढले नाही. धाकट्या मुलीने बोलावे, कुंभाराने पारख करावी आणि देवाच्या लाडक्या भक्ताने ती अखेर मानून शिकावयास जावे, अशी ती सभा होती. चुकणाऱ्याला परत येण्याची वाट उघडी ठेवणे हे चर्चेतील तिसरे देणे. चूक कबूल करणाऱ्याला आपण ‘आता कसे?’ म्हणून हिणविले, तर पुढच्या वेळी कोणीच काही कबूल करणार नाही.

ख्रिस्तसभेनेही अलीकडच्या काळात या विषयाचा मनोभावे अभ्यास केला आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आरंभ केलेल्या सिनडच्या प्रक्रियेत चर्चेची एक खास रीत वापरली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये रोम येथे कार्डिनल, बिशप, धर्मभगिनी, प्रापंचिक स्त्रीपुरुष हे सारे गोल मेजांभोवती बसले. आणि प्रथमच स्त्रियांनाही मताचा अधिकार मिळाला. रीत साधी होती. पहिल्या फेरीत प्रत्येकाने ठराविक वेळात आपले म्हणणे मांडावे, कोणी उत्तर देऊ नये. मग काही वेळ मौन. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने स्वतःचे पुन्हा न सांगता, दुसऱ्याच्या बोलण्यातील काय आपल्या मनाला भिडले, ते सांगावे. पुन्हा मौन. आणि तिसऱ्या फेरीत सर्वांनी मिळून मार्ग शोधावा. याला मोठे सभागृह लागत नाही की पैसा लागत नाही. धर्मग्रामाच्या समितीत, बचत गटात किंवा घरातील वाटणीच्या प्रश्नावरही ती वापरून पाहता येईल. दुसरी फेरी सर्वांत अवघड जाते. कारण दुसऱ्याच्या बोलण्यातील काय भिडले, हे सांगावयाचे तर आधी ते ऐकलेले असावे लागते.

या सर्वांनंतरही काही प्रश्न सुटत नाहीत, हे मान्य करावयास हवे. चर्चा म्हणजे जादूची कांडी नव्हे. दोन प्रामाणिक माणसे शेवटपर्यंत असहमत राहू शकतात. पाथरी आणि शिर्डी यांचे कदाचित कधीच एकमत होणार नाही. दोन भावांचे बांधाविषयी होणार नाही. सासू-सुनेचे पुष्कळ गोष्टींत होणार नाही. परंतु एकमत हा चर्चेचा एकमेव लाभ नव्हे. मतभेद कायम ठेवूनही समोरच्याने म्हणावे की, याने माझे ऐकले, माझे म्हणणे वाकडे केले नाही, माझ्या माघारी मला विकले नाही. अशा दोन माणसांना उद्या त्याच विहिरीवर पाणी भरता येते आणि रविवारी त्याच बाकावर गुडघे टेकता येतात. ज्या चर्चेनंतर हे शक्य राहते ती नीतीची चर्चा. ज्या चर्चेनंतर हे शक्य राहत नाही, ती आपण जिंकली असली तरी हरलेलीच आहे.